बाटलीतला विंचू

जनावरांच्या दवाखान्यात त्या दुपारी माझं डोकंच फिरलं. झरीकडचा एक म्हातारा पाण्याच्या बाटलीत जिवंत विंचू घेऊन आला. बैलाच्या पायाला चावला म्हणे.

"बैल कुठंय?"

"घरी."

"मग इंजेक्शन काय विंचवाला देऊ?"

तो नखानं बाटलीवर टकटक करत राहिला. "बघा ना सायेब, हाच तो."

कितीदा सांगायचं यांना, जनावर घेऊन या म्हणून! शेवटी चरफडत मोटरसायकल काढली. बाटली छातीशी धरून तो मागे बसला.

बैल आंब्याखाली उभा होता, पायाला ओलं फडकं गुंडाळलेलं.

"एवढं चालवला असता तर विष अंगभर चढलं असतं, सायेब," तो हळूच म्हणाला. "म्हणून मीच चालत आलो."