ईडाच्या अंड्यांतल्या कोंबड्या

मसुऱ्याच्या प्रेमलताला शहाणपण शिकवायला गेलेला माणूस आल्या पावली परत यायचा. दारोदार मासे विकणारी फटकळ बाई. पण परड्यातल्या म्हाताऱ्या कोंबड्यांवर तिचा भारी जीव. अंडी देईनाशा झाल्या तरी तिने एकही कापली नाही. शेजारच्या ईडा फर्नांडिसने दिलेल्या अंड्यांतून निघाल्या होत्या त्या.

२००४ च्या उन्हाळ्यात त्या एकेक करून मरू लागल्या. आधी पोट फुगायचं, मग कोंबडी पाय फाकवून चालायची आणि एका सकाळी खुराड्यात आडवी दिसायची. धाकटा दीर भिकाजी कारण सांगून मोकळा झाला. म्हणे, वाडीचं रक्षण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, यंदा याच खुराड्यातला कोंबडा दिला. किरिस्तांवाच्या अंड्यातला कोंबडा देवाला चालला नाही, तो कोपला. उपाय काय, तर ईडाशी संबंध तोडायचा आणि दोन परड्यांमधल्या दगडी गडग्यातली दोघींची ये-जा करायची वाट चिरे लावून बुजवायची. अक्कल नुसती उतू चालली होती.

प्रेमलताला ते झोंबलं. नवरा गेला तेव्हा याच वाटेने येऊन ईडाने तिची चूल पेटती ठेवली होती. ही वाट बंद झाली तर तिला आपलं म्हणून हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं.

भिकाजी माणसं आणि चिरे घेऊन आला, त्याच सकाळी शेवटची कोंबडी मेली होती. प्रेमलता विळी घेऊन घरापुढच्या खळ्यात बसली आणि सगळ्यांदेखत तिने कोंबडीचं पोट फाडलं. पिवळट पाणी वाहिलं. आत, अंडी धरतात तिथेच, गाठींचा घोस लगडला होता. माणसं नाकाला पंचे लावून मागे सरली. भिकाजी म्हणाला, हाच तो कोप.

प्रेमलता उठली. आवाज जराही चढला नाही तिचा.

"तुझ्या आवशीचा पोट असाच फुगला होता, भिकाजी. तेवा ईडाची कोंबी खंय होती? तुमी राखणदाराक कोंबो दिलास, म्हातारेक डॉक्टराकडे न्हेलास नाय. आता तो कोपलो आसात तर येवंदे माझ्या दारात. माकाय तेका तुझ्या आवशीचा इचारूचा आसा."

भिकाजी चिऱ्यावरच खाली बसला. आई किती कळवळायची, ते त्यानेच उशाशी बसून पाहिलं होतं.

त्याची समजूत काढायला प्रेमलता थांबली नाही. मेलेली कोंबडी उचलून ती त्याच वाटेने ईडाकडे गेली.