तुरीचं गाडगं आणि मृत्यूचा दाखला

विमानात गाडगं न्यायचं असेल तर आधी मला विचारा. कारंज्यात शेतकरी गटाच्या ऑफिसात मी नोकरी करते, आणि याद्या करणं हा माझा जुना आजार आहे. त्यामुळे धनजच्या सुमनमावशींना पुण्याला न्यायची कामगिरी आपोआप माझ्याच गळ्यात पडली. मावशींनी सासूकडून आलेली ठिपक्यांची तूर चाळीसेक वर्षं वेगळी पेरून, वेगळी सांभाळून जपली आहे. ती त्यांच्या नावानं नोंदवायची, तर त्या दिवशी दुपारी चारला पुण्यातल्या तज्ज्ञांसमोर बियाणं दाखवणं भाग होतं. बियाणं नाही, तर नोंद नाही.

पहाटे गाडी धनजला पोचली तेव्हा मावशी नव्या लुगड्यात ओट्यावर बसल्या होत्या. मांडीवर गाडगं, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं घट्ट बांधलेलं.

"मावशी, पिशवीत काहून नाई भरलं?"

"राखेत हाय ना थे. पिशवीत सांडते सारं."

आमच्याकडे तुरीचं बी गोवरीच्या राखेत घालून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही. हे मला लहानपणापासून माहीत. विमानतळाला माहीत नसेल, एवढं मात्र माझ्या यादीत नव्हतं.

समृद्धी महामार्गावरून नागपूर अडीच-तीन तासांत येतं. रस्ता झकास, चहाची मात्र बोंब. तेव्हा कारंज्यातच चहा घेऊन निघा आणि भाकरी-ठेचा सोबत ठेवा. आम्ही पोचलो तर धुक्यामुळे नऊचं विमान साडेदहाचं झालं होतं. पुढे ते साडेअकराचं झालं, मग एकचं. सगळ्या कागदांची फाइल माझ्या बॅगेत होती, आणि ती बॅग मी काउंटरवर देऊन टाकली. हात मोकळे बरे, असं वाटलं. मावशींनी गाडगं काही सोडलं नाही.

तपासणीच्या मशीनमधून गाडगं बाहेर आलं आणि पट्टा थांबला. गणवेशातल्या बाईंनी फडकं किंचित उचलून पाहिलं, पटकन खाली ठेवलं आणि आवाज हळू केला. "किसकी राख है? डेथ सर्टिफिकेट दिखाइए."

मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टोपी काढून गाडग्याला हात जोडले.

मावशींना 'डेथ' तेवढं कळलं. "मरेल नाई व बाई! जित्तं हाय थे!"

"जिंदा है," मी घाईघाईत भाषांतर केलं. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

हसू नका. पंधरा मिनिटं समजावल्यावर निकाल लागला: बी जाईल, राख जाणार नाही. मी भांडायला सुरुवात केली, पण मावशी तोवर खाली बसल्याही होत्या. त्यांनी प्लास्टिकचा ट्रे मागितला, विरळ फडक्यात मूठभर राख घेतली आणि हलक्या हातानं चोळत ट्रेमध्ये गाळू लागल्या. करड्या राखेतून तांबूस दाणे वर आले, प्रत्येकावर काळे ठिपके. आजूबाजूची माणसं वाकून बघू लागली. त्या बाईंनी एक दाणा बोटावर घेतला.

"ये उगेगा?"

"झोपेल हाय थे. पानी लागलं का उठते."

या वेळी मी नीट भाषांतर केलं. बाईंनी दाणा जपून परत ठेवला. आयुष्यभर बघितलेली तूर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, असं मला खरोखर वाटलं.

खिडकीची जागा मावशींना दिली. थोड्या वेळानं धुकं विरलं आणि खाली आमचा मुलूख दिसू लागला. हरभऱ्याचे हिरवे तुकडे, काळी रानं, एका धरणाचं चकाकतं पाणी, आणि त्यातून गेलेली समृद्धीची पांढरी रेघ. मावशी कपाळ काचेला लावून बसल्या होत्या.

"माय वो! पाह्य ना, वरून तं कोनाचाच धुरा दिसत नाई."

धुरा म्हणजे शेताचा बांध. त्यावरून आमच्याकडे भाऊ भावाशी बोलेनासे होतात. मी पाहिलं, तर खरंच एकही दिसत नव्हता. सकाळपासूनचा माझा वैताग कुठल्या कुठे गेला.

तो वैताग पुण्यात परत आला. विमान आकाशात घिरट्या घालत राहिलं, उतरलो तेव्हा पावणेतीन झाले होते, आणि माझी बॅग भलत्याच शहरात गेली होती. फॉर्म भरता भरता मला रडूच फुटलं.

"कायले रडतं व? कागद गेले तं जाऊ दे. बी हाय ना?"

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही धापा टाकत त्या सभागृहात शिरलो. ऑफिसातून कागदांचे फोटो मोबाइलवर मागवले, पण ते येईपर्यंत मावशींनी टेबलावर फडकं सोडलं होतं. बी कसं निवडता, एवढंच एका वयस्क सरांनी विचारलं. पहिल्या बहराच्या शेंगा का तोडत नाहीत, कोणतं झाड बियाण्याला ठेवायचं, मावशी सांगत राहिल्या. पाच वाजले तरी कुणी घड्याळ बघितलं नाही. निघताना त्यांच्या नावाचा, तुरीच्या नावाचा, शिक्क्याचा कागद हातात पडला.

परतीला मी विमानाचं नावही काढलं नाही, सरळ ट्रॅव्हल्सनं कारंजा गाठलं. चार दिवसांनी बॅग आली. फाइल अगदी व्यवस्थित होती, फक्त तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. याद्या मी अजून करते, पण थोड्या नरमाईनं.

परवा धनजला गेले. तो कागद बुद्धाच्या तसबिरीखाली लावलाय, आणि त्याच्या खाली कोनाड्यात गाडगं, पुन्हा नव्या राखेनं भरलेलं. मावशींनी मला तो मोठ्यानं वाचायला लावला. पेन्शनसाठी आपण जिवंत असल्याचा दाखला त्या दरवर्षी बँकेत नेऊन देतात, त्यामुळे असले कागद त्यांना बरोबर कळतात.

"त्या नागपूरच्या बाईले याचा फोटू दाखवजो," त्या म्हणाल्या. "सांगजो, मरेलचा दाखला नाई आमच्यापाशी. हा हयातीचा हाय."