चौथे प्रकरण

राज्यसत्तेच्या मुखातून निघणारे वचन मूळचे कोणाचे, या एकाच प्रश्नाच्या उपासनेत बाईंची उभी हयात गेली. विद्यापीठातील त्यांच्या खोलीत नाना देशांचे कायदे टेबलावर शेजारी शेजारी पसरलेले असत. एका देशाचे कलम वेष पालटून दुसऱ्याच्या कायद्यात शिरले, की बाई त्याला मुद्देमालासकट पकडीत. त्यांचे यजमान घरी आलेल्या पाहुण्यांना सांगत, "माझ्या आईचा सल्लासुद्धा हिनं परकीय हस्तक्षेप मानला!"

"मानला नाही, सिद्ध केला," बाई आतून म्हणत.

त्यांच्या ग्रंथाचे चौथे प्रकरण विद्वन्मान्य ठरले. त्यातला इशारा असा: बाहेरचा सल्लागार स्वतः बोलत नाही, ज्याच्या निःस्पृहतेवर लोकांची श्रद्धा असते, अशा स्थानिकाच्या तोंडून तो बोलतो.

निवृत्तीनंतर शहराचा पाणीपुरवठा परदेशी कंपनीकडे सोपवण्याचा प्रस्ताव आला आणि त्याच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद बाईंकडे. एका आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थेचा तरुण समितीला आकडेवारी पुरवी. बाईंनी ती कसून तपासली; चोख निघाली. त्यांचे मत अनुकूल झाले. ते जाहीर सुनावणीत सांगायचे, त्याच्या आदल्या संध्याकाळी तो तरुण त्यांचा ग्रंथ घेऊन घरी आला.

"बाई, सही द्या ना. प्रशिक्षणात पहिल्यांदा हेच वाचायला देतात. चौथं प्रकरण तोंडपाठ आहे माझं."

"कशासाठी?"

"कामासाठीच की! नव्या शहरात आधी तसा माणूस शोधायचा."

"मग इथं कोण सापडलं?"

तो मनापासून हसला. "तुमचं नाव सुचवायला फार डोकं चालवावं लागलं नाही, बाई."

सहीसाठी उचललेले पेन अधांतरीच राहिले. लोकांनी सावध व्हावे म्हणून वाटेवर दिवा लावावा, आणि त्याच्याच उजेडात चोराने आपले दार हुडकावे! आकडे खरे होते. परंतु कोणते दाखवायचे नाहीत, हे कोणी ठरवले होते?

तो गेल्यावर यजमान घाबरून म्हणाले, "अगं, पांढरीफटक पडलीस. पाणी घे."

"अजून आपलंच आहे ना ते?"

दुसऱ्या दिवशी भरल्या सभागृहात बाई उभ्या राहिल्या. "माझं मत अनुकूल होतं. पण ते माझंच होतं का, हे मला सांगता येत नाही. ते मी मागे घेते, आणि अध्यक्षपदही सोडते." मग काल घरी काय घडले, ते त्यांनी जसेच्या तसे सांगितले.

सभेत एकच गलका उडाला. पहिल्या रांगेतला तो तरुण मात्र मान खाली घालून सारे चौथ्या प्रकरणाच्या समासात मन लावून टिपून घेत होता.