ओल्या गवतावरचं दार

माधव गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकला ऑफिसात होतो. शुभदावहिनींचा आवाज इतका शांत होता, की आधी मला वाटलं, रविवारी जेवायला बोलावतायत. "भावोजी, माधव गेला. सकाळी दाढी करता करता... ॲम्ब्युलन्सवाले आले, पण काही करता आलं नाही," एवढंच त्या म्हणाल्या. मी "निघतोच" म्हणून फोन ठेवला. त्यानंतर पहिल्यांदा माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मनात आलं, आता तो कुणाला सांगणार नाही. मित्र गेल्याचं दुःख मागून आलं. आधी आली ती सुटका. ती क्रॉयडनला त्याच्या घरी पोचेपर्यंतही टिकली नाही, ही गोष्ट वेगळी. आज आठ आठवडे झाले. अकरा वर्षं जी गोष्ट त्याने माझ्यासाठी पोटात ठेवली, ती आता मीच सांगतो.

माधव मूळचा मालवणचा, आणि इथे एका मोठ्या हॉस्पिटलात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. ऑपरेशन थिएटरमधली वायरिंग, अर्थिंग, बॅटऱ्या हे सगळं त्याच्याकडे. सर्जनचं नाव रोग्याच्या तोंडी असतं, त्या टेबलाच्या अर्थिंगची तार तपासणाऱ्याचं नसतं, आणि याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नसे. वेम्बलीला आम्ही लग्नाआधी एका खोलीत राहायचो, तेव्हापासून त्याची खोड मला माहीत. कुणाकडे जेवायला गेला की यजमानांशी बोलायच्या आधी हा किटलीची वायर बघणार. "अरे, आपण पाहुणे आहोत," असं मी कोपराने ढोसून सांगायचो. "पाहुण्यालाच शॉक बसतो," तो म्हणायचा, "घरच्यांना कुठे हात लावायचा नाही ते पाठ असतं."

पुढे त्याने कॅरॅव्हॅन, गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घेतली आणि सहा महिन्यांत त्याचं वेड मलाही लागलं. तेव्हा कॅम्पिंगच्या साइटवर विजेचं कनेक्शन मिळणं नवीनच होतं. गवतात एक खांब, खांबाला सॉकेट, तिथून लांब नारिंगी केबल आपल्या गाडीपर्यंत. लांबच्या साइटवर वीज कशी येईल याचा भरवसा नसे, गडगडाट झाला की दिवे एकदम भगभगायचे. म्हणून माधवने खांब आणि कॅरॅव्हॅन यांच्यामध्ये लावायचा एक बॉक्स घरी तयार केला, विजेचा लोंढा आला तर तो आधी अंगावर घेणारा. एक त्याच्यासाठी, एक माझ्यासाठी. त्याला तो 'राखणदार' म्हणायचा. वेशीवरच्या राखणदाराला नारळ देणाऱ्या कोकणातल्या माणसाने दुसरं काय म्हणायचं! पहिल्या ट्रिपला शुभदावहिनींनी त्याच्यापुढे नारळ फोडायला घेतला तेव्हा हा ओरडला, "बाजूला! बाजूला फोड, एक थेंब त्याच्यावर नको." पावसात तो बॉक्स कसा ठेवायचा याचे त्याचे नियम होते आणि ते त्याने मला तीनदा समजावले होते. जमिनीवर टेकवायचा नाही, खांबाला टांगायचा. वरून भांडी घासायचा प्लॅस्टिकचा टब पालथा घालायचा, खालची बाजू उघडी. केबल सरळ आत न्यायची नाही, खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे केबलवरून वाहत आलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं. "आणि गुंडाळायचा अजिबात नाही," तो बजावायचा. "पाणी कुठून ना कुठून आत जाणारच. त्याला बाहेर पडायला जागा हवी." मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

अकरा वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये आम्ही वेल्सला समुद्राकाठच्या एका साइटवर गेलो. माझी आई नाशिकहून आली होती. बाबा जाऊन आठ महिने झाले होते. ती जेवत होती, बोलत होती, पण विचारल्याशिवाय काही नाही... एका खोलीत बसवून गेलं की दोन तासांनी तशीच बसलेली सापडायची. म्हटलं, समुद्र बघून बरं वाटेल. माधवला हॉस्पिटलात ड्यूटी होती, तो दोन दिवसांनी येणार होता. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस आडवा येत होता. टब लावला तर वाऱ्याने उडून पलीकडच्या तंबूवर गेला. बॉक्सवर पाण्याचे सपकारे बसताना बघून मला धीर धरवेना. सोबत आई आहे, काही होता कामा नये, असं म्हणून मी बासमतीची रिकामी जाड प्लॅस्टिकची पिशवी आणली, बॉक्स तिच्यात घातला, तोंड करकचून सुतळीने बांधलं आणि वर टेप गुंडाळली. आत आलो तेव्हा अंगठ्यापासून केसांपर्यंत भिजलो होतो आणि स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाहेरून आत येताना दारातच थबकली. "इथे कुणीतरी आहे," ती म्हणाली. रेखाने, माझ्या बायकोने, विचारलं, "कोण आई?" आई आपल्या मनगटाकडे बघत होती. "माझा हात धरला." आम्ही दोघांनी दार उघडलं, लावलं, कडी ओढली, काही नाही. आईने पुन्हा हात लावला नाही, रेखाने तिला उचलल्यासारखं आत घेतलं. त्या दिवसापासून त्या कॅरॅव्हॅनमध्ये काहीतरी बदललं. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचा कुत्रा आदल्या संध्याकाळी आमच्या पायरीशी येऊन बिस्किटं मागत होता. तो आता पाच पावलांवर थांबायचा, अंग फुगवायचा आणि दाराकडे बघत बारीक आवाजात कुंथायचा. बिस्किट पायरीवर ठेवलं तर तसंच भिजून गेलं. "हाउ ऑड," शेजारीणबाई म्हणाल्या, "ही लव्हज युअर बिस्किट्स." रेखा हसली, पण दुपारी आईला झोप लागल्यावर मला हळूच म्हणाली, "अरे, धिस इज रिअली क्रीपी. आपण पिच बदलून दुसरी जागा घेऊ या का?" मी तिला वेड्यात काढलं. संध्याकाळी मी साइटच्या नळावरून पाणी आणायला गेलो होतो. परत येताना पाहिलं तर भुरभुर पावसात आई दाराशी उभी. पदर डोक्यावरून घेतलेला, चपला बाजूला नीट मांडून ठेवलेल्या, अनवाणी पाय गवतात, आणि हात कडीवर. आत जात नव्हती. डोळे मिटलेले होते आणि कोपरापासून हात बारीक थरथरत होता. मी हाक मारली तेव्हा तिने सावकाश हात काढला. चेहरा इतका निवांत मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "तुझे बाबा आहेत रे," ती म्हणाली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. म्हटलं, तिला वाटतंय तर वाटू दे.

तिसऱ्या दिवशी दुपारी माधव बायको-मुलीसह आला. पाऊस तसाच. मी त्याला हे सगळं चहा पिता पिता सांगितलं, अर्धं हसत. तो हसला नाही. त्याने चहाचा मग खाली ठेवला. "मावशी चपला कुठे काढतात?" मी म्हटलं, "बाहेर. पायरीखाली. आत आणायला तयारच नाही. आम्ही वेली, हे रबरी बूट, घालून वर चढतो आणि आत मॅटवर काढतो." "आणि दाराला हात लावताना तू आणि रेखा नेहमी वेलीत?" "हो. का रे?" तो उठून बाहेर गेला, बूट काढले, मोजे काढले, ते बुटात कोंबले आणि ओल्या गवतात उभा राहिला. त्याची मुलगी नेहा ओरडली, "बाबा, व्हॉट आर यू डूइंग? तुझा पाय घाण होतो!" माधवने उलटा हात, बोटांची मागची बाजू, हळूच दाराच्या पत्र्याला लावला आणि झटक्यात मागे घेतला. तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा मी ओळखला नाही. "खांबावरचं स्विच बंद कर. आत्ता."

मग तो बॉक्सकडे गेला. पिशवी फुगून लोंबत होती. टेप कापल्यावर आतून पाणी भळाभळा पडलं, बादलीभर नसेल, पण बॉक्स बुडायला पुरेल इतकं. पावसाचं पाणी केबलवरून वाहत गाठीतून आत गेलं होतं आणि माझ्या गाठीने त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नव्हती. गाठ आवळताना अर्थिंगची तारही ओढली जाऊन सुटली होती. विजेची गळती इतकी थोडी, की स्विच आपोआप पडत नव्हतं, आणि इतकी पुरेशी, की कॅरॅव्हॅनचा सगळा पत्रा जिवंत झाला होता. रबरी बूट घातलेल्याला काही कळायचं कारण नव्हतं. कळलं ते फक्त अनवाणी असलेल्यांना... आईला आणि त्या कुत्र्याला. "पाऊस आणखी वाढला असता तर मावशी चिकटून राहिल्या असत्या," माधव खालच्या आवाजात मला म्हणाला. "तळहाताने धरलं की मूठ मिटते, सोडता येत नाही."

तोवर सगळे भोवती जमले होते. रेखाने विचारलं, "काय झालं? कुणामुळे झालं?" माधव सुतळीच्या गाठीकडे बघत होता. ती गाठ त्याला माहीत होती. वेम्बलीच्या खोलीत मी तशाच गाठी मारून वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायचो. मी तोंड उघडलं, आणि त्याआधी तो बोलला, "माझी चूक. आतला जॉइंट मी कच्चा ठेवला होता." पिशवी चुरगाळून त्याने स्वतःच्या खिशात कोंबली. रेखा त्याला नाही नाही ते बोलली. "भावोजी, तुमच्या एक्स्पेरिमेंटपायी आमच्या आई गेल्या असत्या," असं म्हणाली. तो मान खाली घालून ऐकत राहिला. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. नाही बोललो. संध्याकाळीही नाही, घरी परतल्यावरही नाही. पुढची अकरा वर्षं रेखाने त्याला आमच्या घरातला साधा बल्ब बदलू दिला नाही, आणि तो दर वेळी हसून हात वर करायचा, "बरं बाबा, हात नाही लावत." तो हसला की मला अन्न गोड लागायचं नाही. एकदा त्याच्या गॅरेजमध्ये मी विषय काढला, "माधव, ती पिशवी..." तर तो म्हणाला, "कुठली पिशवी?" आणि मला स्क्रूड्रायव्हर धरायला दिला.

त्या दिवशी सगळं आवरल्यावर तो आईजवळ जाऊन बसला. माधवच्या कॅरॅव्हॅनपुढच्या कापडी ऑनिंगखाली, दोन घडीच्या खुर्च्यांवर. तासभर तरी बोलत होते. पावसाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावात गेला आणि लहान मुलांच्या मापाच्या हिरव्या वेली घेऊन आला. आईने मुकाट्याने पाय पुढे केले. साडीखाली ते बूट घालून ती उरलेले चार दिवस वाळूत फिरली. आम्ही हसलो, फोटो काढले. नाशिकला परत जाताना तिने ते बूट बॅगेत भरले. रेखा म्हणाली, "आई, नाशिकला हे कुठे घालणार?" आई म्हणाली, "असू देत."

माधवचे दिवस झाल्यावर मी आधी रेखाला सांगितलं. ती कोट घालून एकटीच शुभदावहिनींकडे गेली आणि डोळे सुजवून परत आली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग मी आईला फोन लावला. ती आता ऐंशीला आली, कानाने थोडी कमी. माधव गेल्याचं तिला आधीच कळवलं होतं. मी म्हटलं, "आई, वेल्सला त्या बॉक्सला पिशवी बांधली होती ना, ती मी. माधवचा काही दोष नव्हता."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी खिडकीतून बघत होते. केवढा भिजला होतास."

मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस." "काय बोलायचं? तू माझ्यासाठीच बांधत होतास." मग ती म्हणाली, "माधव मला म्हणाला, मावशी, तिथे काका नव्हते, वीज होती. मी म्हटलं, बाबा रे, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. चाळीस वर्षं ओल्या हातांनी गीझर लावलाय, वीज काय असते ते मला कळत नाही होय?"

"मग हात का लावत होतीस?"

"त्यानेही हेच विचारलं होतं."

"त्याला काय सांगितलंस?"

"त्याला सांगितलं ते तो घेऊन गेला," आई म्हणाली. "तुला नको."

त्या दिवशी तिच्याकडून कळलं, की माधव तिला अकरा वर्षं महिन्यातून एकदा फोन करत होता. शुभदावहिनींना माहीत होतं, मला नव्हतं. फार बोलणं नसायचं. तो विचारायचा, "मावशी, पायात काय आहे?" ती म्हणायची, "बूट आहेत." मग तो म्हणायचा, "बरं, ठेवतो."

महिना उलटून गेल्यावर, गेल्या रविवारी, माधवच्या ऐवजी मी फोन लावला. प्रकृती, औषधं, हवा असं सगळं बोलून झालं. ठेवायच्या आधी मी विचारलं, "आई, पायात काय आहे?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "थांब, घालून येते."