'आधी'चा फोटो

परवा वेळा अमावस्येला, आमच्याकडच्या रानातल्या सणाला, आम्ही सगळे शेतात जमलो होतो, शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या रानात. माझा तोरा तर काही विचारूच नका!

कारण वर्षात चौदा किलो कमी केलेत मी. डाळमिलच्या ऑफिसात खुर्चीवर बसून वाढलेली चरबी... लातूरच्या जिममध्ये डंबेल उचलून आणि मटकी-पनीर खाऊन घालवली. आता दंडात चांगली गाठ येते. काकू तर दाबून दाबून बघत होत्या.

त्याच्या आठवडाभर आधी मी फेसबुकवर फोटो टाकले होते. एक 'आधी'चा, एक 'नंतर'चा. खाली लिहिलं होतं, या अंगाची मला लाज वाटायची... लाईक मोजत बसले होते दोन दिवस.

भज्जी-आंबिलीची जेवणं झाली आणि मी ओरडले, "चला, फोटो!" सगळे आले. माझी थोरली बहीण, अक्का, तेवढी कडब्याच्या कोपीमागं जाऊन पातेली घासत बसली. मी ओढायला गेले तर म्हणाली, "मला नको गं. तुम्ही काढा."

"ये की! एवढा कसला भाव खातीस?"

तिनं मान वर केली नाही. "तुला ज्याची लाज वाटायची म्हणलीस ना... तसंच अंग हाय माझं. अजून तसंच हाय."

वर्षापूर्वीपर्यंत आम्ही दोघी एकाच मापाच्या, लग्नाकार्यात एकमेकींचे ब्लाऊज घालणाऱ्या. मला कुणी जाडी म्हणलं की हीच भांडायला उठायची. आणि मी काय लिहून बसले...

घरी आल्या आल्या पोस्ट काढून टाकली. तिला फोन केला, माफी मागितली. "जाऊ दे गं, येडी हायस का," म्हणाली.

मग तिनं हळूच विचारलं, "माझे गुडघे दुखतेत गं... मला जमंल का ते डंबेलचं?"

"जमंल की गं," म्हणून फोन ठेवला आणि लई रडले. हे विचारायचं तिनं किती दिवस मनात ठेवलं असेल...

अक्काचं घर माझ्या जिमच्या वाटेवरच आहे. वर्षभर रोज संध्याकाळी तिच्या दारावरून गेले मी... एकदाही 'चल गं' म्हणाले नाही.