धुऊन वाळवलेला मिक्सर

माझ्या भांड्यांच्या दुकानात एका बाईशी स्टीलच्या घागरीवरून माझी घासाघीस चालली होती. ती पाठ फिरवून निघाली होती, आणि चार पावलांवरून परत वळणार हे मला ठाऊक होतं. तेवढ्यात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं बोलणं तुटून बराच काळ झाला होता, तरी मी फोन उचलला. "कुसुमबाई, आक्का गेली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "कशानं?" तर त्यांनी फोन ठेवून दिला.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून जीपनं हिंगोली, तिथून आक्काचं सासर, शिरड शहापूर. पोचले तेव्हा ओसरीवर आक्काला ठेवलं होतं. तिच्या तोंडात पाणी घालायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. फरशी धुऊन लख्ख केली होती. ओटा पुसलेला. मागच्या दाराबाहेर उन्हात मिक्सर उपडा ठेवला होता, शेजारी त्याचं भांडं. शेजारच्या रुक्मिणबाई हात पुसत आल्या. "डाळ सांडली व्हती समदी. म्हटलं लोकं येतील, तर धुऊन काढावं." मग हळूच म्हणाल्या, "लई येळ चालूच व्हता बाई मिक्सर. मला वाटलं, आज किती डाळ वाटून राहिली ही! शेवटी मीच दाजीला आवाज दिला." डॉक्टर येऊन गेले होते. हृदय थांबलं म्हणाले. हृदय तर थांबलंच होतं. कशानं थांबलं, हे कोणीच विचारलं नव्हतं.

आक्का लहानपणापासून स्वच्छतेची. आई शेतात, बाप बाजारात, आणि घरात आम्ही दोघी. ती राखेनं पातेली अशी घासायची की त्यात तोंड बघून मी वेणी घालायचे. कोणी पाहुणा येणार असं नुसतं कानावर आलं तरी तिचं सारवणं सुरू. "कुसे, पाय धू. कुसे, चप्पल भाईर काढ." मी तापट, ती थंड. पुढे मी डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन आठवडी बाजार करू लागले, तेव्हा तिचं लग्न होईपर्यंत माझ्या पाटीतली भांडी आदल्या संध्याकाळी तीच चमकवून द्यायची. माझं दुकान झालं ते माझ्या जिभेवर, असं लोक म्हणतात. त्यात तिच्या हातांचा वाटा किती, ते लोकांना माहीत नाही.

तो मिक्सर दाजींनीच आणला होता, हळदीला बरा भाव आला त्या साली. मोठ्या हौसेनं आणला, हे मी कबूल करते. आक्काचे वडे, धिरडी, ठेचा, सगळं त्याच्यावर होऊ लागलं. मग एकदा मला फोनवर म्हणाली, "कुसे, ह्यो मिक्सर मला धरतो." मी गेले. ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून भिजलेली हरभऱ्याची डाळ वाटत होती. भांड्याखालून पाणी झिरपून मिक्सरच्या अंगावर उतरत होतं. मी तिच्या शेजारी अनवाणीच उभी होते, सहज हात लावला, आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. मी ओरडले. दाजी अंगणातून आले, चपला घालूनच. त्यांना कोण काय म्हणणार? कोरड्या हातानं मिक्सर थोपटला आणि म्हणाले, "कुठं काय हाय? तुमा बहिणीबहिणींनाच कसं लागतं वो?"

मीच आग्रह धरून आक्काला मिक्सर घेऊन हिंगोलीला यायला लावलं. स्टेशनच्या रस्त्याला रशीदभाईंचं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. माझं त्यांच्याशी भावावरून नेहमी भांडण आणि नेहमी जाणं. त्यांनी टेस्टर लावला, फिरवून बघितलं, खोलून बघितलं. टेस्टरचा दिवा काही लागला नाही. "आपा, मशीन एकदम बराबर आहे," म्हणाले. काही महिन्यांनी ती पुन्हा घेऊन गेली, पुन्हा तेच. घरी आली की पुन्हा झिणझिण्या. शेवटी गावात बोलू लागले की मिक्सर हिलाच काहून धरतो? कोणी अंगारा आणून दिला. दाजी चारचौघांत हसून सांगायचे, "आमच्या घरच्यांना मशीनची बाधा झाली." आक्का पदर ओढून आत जायची. तिला कोणी खोटारडी म्हटलं असतं तर ती भांडली असती. बाधा झाली म्हटल्यावर बाईनं काय भांडावं?

मी माझ्या दुकानातून नवा मिक्सर पाठवला. दाजींनी तो त्याच जीपनं परत धाडला. "चालती वस्तू टाकायची, अन् वरून बायकोच्या माहेरचं घ्यायचं? आमी काय भिकारी हाव का?" मी फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्यातला एक शब्दही मी परत घेत नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. आक्का मात्र गुपचूप फोन करायची. मी विचारायचे, "अजून धरतो का गं?" ती म्हणायची, "राहू दे. आता सवय झाली." करंटची सवय होते का कोणाला? पण आमच्याकडच्या बायकांना कशाची होत नाही ते सांगा…

तेरावं झालं. रीतीप्रमाणे मला विचारलं गेलं, आक्काची कोणती साडी नेतेस? मी म्हटलं, "साडी नको. मिक्सर द्या." दाजींनी मान वर केली नाही. "न्या," म्हणाले. मी तिथेच थबकले. इतकी वर्षं बाजारात काढली, एक गोष्ट पक्की शिकले. घासाघीस न करता जो वस्तू हातात देतो, त्याला त्या वस्तूत काय खोट आहे ते माहीत असतं. आणि हा माणूस उसनी सुरीसुद्धा 'काहून?' विचारल्याशिवाय देत नसे.

घरी आल्यावर मी हरभऱ्याची डाळ भिजत घातली. दुसऱ्या दिवशी पायात रबरी चप्पल चढवून, आक्का घालायची तसंच पाणी घालून, भांड्यामागून भांडं वाटलं. पाणी झिरपू दिलं, पुसलं नाही. तसाच खरकटा, ओला मिक्सर पिशवीत घालून हिंगोली गाठली. जीपमधल्या माणसांनी नाकाला रुमाल लावले. रशीदभाईंनी पिन लावली, टेस्टर टेकवला आणि दिवा लागला. त्यांनी टेस्टर काढून पुन्हा टेकवला, दिवा पुन्हा लागला. "आत पाणी जातंय, आपा. पाणी आहे तोपर्यंत करंट अंगावर येतो, वाळलं की गायब." मग म्हणाले, "त्या दोन्ही वेळा मशीन कशी चकाचक होती… उन्हात वाळवून आणली होती का?"

वाळवून आणली होती. घासून, पुसून, दिवसभर उन्हात ठेवून, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून. परक्या माणसाच्या हातात खरकटी वस्तू कशी द्यायची? आजार घरी ठेवून फक्त अंग डॉक्टरकडे न्यावं, तसं झालं. रशीदभाई खाली बघत म्हणाले, "मैंने दो बार बोला, कुछ नहीं है. मीच बोललो." त्या दिवशी भावावरून न भांडता मी मिक्सर उचलला.

तशीच शिरड शहापूरला गेले. दाजी ओसरीवर एकटे बसले होते. मी मिक्सर त्यांच्यापुढे ठेवला. "रशीदभाईनं बघितला. करंट येतो त्यात. आक्का खरं बोलत होती."

"मला ठाव हाय," दाजी म्हणाले.

"कधीपासून?"

"त्या दिशीपासून. ती पडली व्हती, हात मिक्सरपाशी. अनवाणीच धावलो, आधी तिलाच धराया गेलो, तर मलाबी झटका बसला. मागं फेकलो गेलो. मग बटण बंद केलं."

"मग डॉक्टरला काहून न्हाई सांगितलं?"

त्यांनी पुढ्यातला मिक्सर बाजूला सरकवला. मग म्हणाले, "चिरफाड केली असती तिची… न्हाई. ते न्हाई. खरं सांगतो. समद्या गावाला कळलं असतं, ती खरं बोलून राहिली व्हती अन् मी हसून राहिलो व्हतो."

मी ओरडले. अंगणात माणसं जमेपर्यंत ओरडले. म्हटलं, "ज्यांच्याम्होरं बाधा म्हणालात, त्या समद्यांना आता हे सांगा." त्यांनी हात जोडले. "मला तोंड न्हाई, कुसुमबाई. तुमी सांगा. तुमचं आयकतेत लोकं."

म्हणून हे लिहिलं. माझ्या बहिणीला कसली बाधा नव्हती. तिच्या हाताला करंट लागत होता आणि ती ते सांगत होती. दाजींना मी माफ केलेलं नाही, आणि तसं त्यांच्या तोंडावर सांगून आले आहे.

इकडे आमच्या गल्लीत सकाळी घराघरांतून मिक्सर सुरू होतात. पूर्वी तो आवाज माझ्या कानातच शिरत नसे. आता गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी माझं अर्धं लक्ष भिंतीपलीकडे असतं. चटणीला किती वेळ लागतो, डाळीला किती, हे मला नुसत्या आवाजावरून कळू लागलं आहे. एखादा मिक्सर त्याहून जास्त चालला की बोटांपासून कोपरापर्यंत झिणझिण्या चढतात. सौदा अर्ध्यात टाकून मी रस्ता ओलांडते आणि त्या दारावर थाप मारते, "अगं ए, बंद कर! आयकून राहिली का?" भांड्यांची कुसुम डोक्यानं गेली, असं माझ्या मागे बोलतात. खुशाल बोलोत. मी दार सोडत नाही. आत मिक्सर घरघरत असतो, उत्तर येत नाही, आणि तेवढा वेळ आतमध्ये आक्काच उभी असते, ओल्या फरशीवर, अनवाणी… मग आवाज थांबतो. आतून कोणीतरी वैतागून म्हणतं, "केला बंद, मावशी. जित्ती हाय मी."