टाकी टेकडीवर गेली तो दिवस

परवा चिखलीहून भाचीचा फोन आला. तिला एका कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरी लागलीय... "मावशी, तू तं जन्म काढला त्याच्यात. फायदे-तोटे सांग ना मले!"

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. मी नुकतीच इंजिनिअर होऊन पुण्यातल्या एका फर्ममध्ये लागले होते. गावोगावच्या नळयोजनांचे नकाशे करून द्यायचं काम. ऑफिसात मी एकटीच बाई, त्यात वऱ्हाडी... "मले" म्हटलं की टेबलाटेबलावर हसू फुटायचं.

पण त्याहून जास्त खुपायचं ते वेगळंच. नकाशा द्यायचा आणि पुढच्या गावाला निघायचं. नळाला पाणी आलं का, ते पाहायला आम्ही नसायचोच. साहेब म्हणायचे, "आपण सल्ला द्यायचा, शब्द द्यायचा नाही."

मग आमच्या वऱ्हाडातल्याच, जानेफळजवळच्या एका गावाचं काम आलं. साहेबांनी नकाशात पाण्याची टाकी विहिरीशेजारीच दाखवली, म्हणजे पाइप कमी लागतो. पण उंचवट्यावरच्या गल्लीत त्या टाकीचं पाणी चढणार नव्हतं. मी साहेबांना तसं सांगितलं. "कुणी विचारलं तर बघू," म्हणाले.

ग्रामपंचायतीसमोर सभा भरली. साहेब छान बोलले, लोकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून एक बाई उठल्या. सगळे त्यांना खातूनचाची म्हणत. राहायला त्याच वरच्या गल्लीत.

"साहेब, आमच्या गल्लीत पाणी येईन का?"

"तांत्रिक बाबी तपासून..." साहेब सुरू झाले. चाचींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सरळ माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू सांग. येईन का नाई?"

नोकरी नवी, साहेब माझ्याकडेच बघतायत... आणि तोंडातून निघाली ती घरचीच भाषा.

"नाई येनार, चाची. या नकाशात नाई येनार. टाकी त्या टेकडीवर नेली तं तुमच्याही घरी येईन."

मग सरपंच म्हणाले, "मंग न्या ना टेकडीवर! आमचं गाव काय अर्धं हाय?"

टाळ्या पडल्या... पण परतताना जीपमध्ये मी नोकरी गेली असंच धरून चालले होते. चिखलीला चहाला थांबलो तेव्हा साहेब म्हणाले, "नवा नकाशा तुम्हीच काढा. आणि चुकला तर मला सांगायला येऊ नका. त्या चाचींना सांगा."

काढला. आणि पाणी सोडायच्या दिवशी मी रजा टाकून गेले!

वरच्या गल्लीतला नळ आधी नुसताच फुसफुसला. मग गढूळ धार आली, मग लख्ख पाणी... चाचींनी पहिली ओंजळ भरली आणि थेट माझ्या तोंडावर मारली! अख्खी गल्ली ओरडत होती. चिंब भिजलेली मीसुद्धा.

तोटे आहेतच गं. घर सुटतं, बॅग कायम भरलेली, श्रेय बहुतेक वेळा दुसऱ्याचं. पण त्या वयात अख्ख्या गावासमोर उभं राहून खरं बोलायची संधी मला याच नोकरीनं दिली.

आणि चाची, एवढ्या लोकांत तुम्ही मलाच विचारलंत... त्याचे आभार आजही मानते.